गीझरचा टायमर भलत्याच वेळी चालतोय? आधी चूक किती तासांची आहे ते मोजा

डिसेंबरातला शुक्रवार होता. पहाटे पाचला आईची हाक आली, "अरे, पाणी गार आहे." मी नळाखाली हात धरला तर बोटं बधिर झाली. टायमर साडेचारचा लावलेला, आदल्या दिवशी पाणी कढत आलेलं, आणि आज गीझर गार पडलेला. आईचं वय ७८. पाचची अंघोळ आणि मग देवपूजा हा तिचा क्रम मी कळता झालो तेव्हापासून चालत आलाय. तिला पातेल्यात पाणी तापवून दिलं आणि कामाला लागलो. सकाळी साडेआठला, घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी उरकल्यावर, गीझरचा लाल दिवा आपोआप लागला.

तेव्हा मला काहीच उलगडलं नाही. टायमर बिघडला असं धरून नवा आणला. दोन आठवड्यांनी तोही तसंच वागायला लागला. मग आईनेच कोडं सोडवलं. ती दुधाचा हिशोब ठेवायच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहीत गेली होती: "गार", "कढत", "कढत", "गार". गार पाण्याचे दोन्ही दिवस शुक्रवार निघाले.

पुण्यात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. गुरुवार हा वीज बंद ठेवून देखभाल-दुरुस्ती करायचा वार. त्या गुरुवारी आमच्याकडे साडेनऊला लाइट गेले ते दीडला आले. टायमरची तबकडी विजेवर फिरते. वीज नाही म्हणून ती चार तास जागेवर थांबली आणि साडेचारचा गीझर साडेआठला लागला. टायमर बिघडलेला नव्हताच. त्याचं घड्याळ चार तास मागे पडलं होतं, एवढंच.

त्यानंतर नातेवाइकांकडे, सोसायटीत, शेजारी असे बरेच टायमर मी पाहिले. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: टायमर लहरी वाटतो, पण त्याच्या चुकीला बहुतेक वेळा माप असतं, आणि ते माप हाती आलं की कारण सापडतं. म्हणून काही विकत घेण्याआधी, काही उघडण्याआधी, आठवडाभर नोंद ठेवा.

आठवड्याची नोंद

बाथरूमच्या दाराशी कागद चिकटवा. रोज तीन गोष्टी लिहायच्या: गीझर किती वाजता लागायला हवा होता, प्रत्यक्षात किती वाजता लागला, आणि त्या दिवशी लाइट गेले होते का, गेले असतील तर कधीपासून कधीपर्यंत. तुम्ही घरी नसताना काय झालं ते घरातल्यांना विचारून लिहा. "सकाळी कधीतरी" असं लिहू नका, निदान पाव तासापर्यंत अचूक वेळ हवी. आठवड्यात एक गुरुवार आलाच पाहिजे.

नोंद सुरू करताना टायमरवरची वेळ मोबाइलशी ताडून बरोबर करा. त्यानंतर आठवडाभर त्याला हात लावू नका. रोज थोडं-थोडं दुरुस्त करत राहिलात तर मागचा पुरावा पुसला जातो.

चुकीचं माप काय सांगतं

आता कागद समोर घ्या.

उशीर लाइट गेलेल्या वेळेइतकाच असेल, म्हणजे दोन तास वीज नव्हती आणि गीझरही दोन तास उशिरा लागला, तर तुमचा टायमर गोल तबकडीचा, मोटरवर चालणारा आहे आणि तो धडधाकट आहे.

उशीर लाइट *परत आलेल्या* वेळेइतका असेल तर प्रकरण वेगळं. हे डिजिटल टायमरचं लक्षण. त्याच्या पोटातली छोटी बॅटरी मेली की वीज गेल्यावर घड्याळ पुसलं जातं आणि वीज आल्यावर शून्यापासून सुरू होतं. दुपारी दोनला लाइट आले तर टायमरच्या लेखी तेव्हा मध्यरात्र. मग त्याची पहाटेची साडेचार उजाडते आपल्या संध्याकाळी साडेसहाला. संध्याकाळी घरी आल्यावर गीझर कोणी लावला म्हणून एकमेकांना विचारणारी घरं मी पाहिली आहेत. कोणी लावलेला नसतो.

बरोबर एक तास आधी लागत असेल तर पडद्यावर इंग्रजी 'एस' अक्षर दिसतंय का पाहा. परदेशात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, त्यासाठीची ती सोय. आपल्याकडे तिचा उपयोग नाही, पण पुसताना बटण दाबलं जातं आणि घड्याळ तासभर पुढे सरकतं. ते अक्षर घालवा आणि वेळ पुन्हा ताडून घ्या.

बारा तासांची चूक म्हणजे पहाट आणि दुपार यांची अदलाबदल. बारा तासांचं घड्याळ असलेल्या टायमरवर एएम-पीएमची अक्षरं इतकी बारीक असतात की चाळिशीच्या चष्म्याशिवाय दिसत नाहीत. जमलं तर चोवीस तासांचं घड्याळ निवडा.

वायफायवर चालणाऱ्या स्मार्ट प्लगच्या चुका तर फार बोलक्या असतात. साडेपाच तास उशिरा चालतो? तो ग्रिनिचची वेळ धरून बसलाय, आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. अडीच तास आधी चालतो? मग त्याच्यात चीनची वेळ आहे, ती आपल्याहून अडीच तास पुढे असते. ॲपमध्ये ठिकाण किंवा टाइम झोन 'कोलकाता' असा आहे ना ते तपासा. भारताची वेळ बहुतेक ॲपमध्ये त्याच नावाखाली सापडते.

फक्त शनिवार-रविवारीच घोळ होत असेल तर टायमरवरचा वार चुकलेला आहे किंवा कार्यक्रम सोमवार ते शुक्रवारपुरताच लावलेला आहे. आणि कशातच मेळ बसत नसेल, तर पुढचे दोन भाग नीट वाचा.

भिंतीवरचं बटण आणि घरातली माणसं

मी पाहिलेल्या बिघाडांत सर्वांत जास्त वेळा हेच कारण निघालं, आणि कोणीही ते आधी तपासत नाही. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं: खोलीतून बाहेर पडताना बटण बंद कर. गीझरच्या बाबतीत तर जास्तच. टायमर भिंतीवरच्या सॉकेटमध्ये असतो आणि सॉकेटचं बटण त्याच्या अलीकडे. घरातल्या कोणीतरी अंघोळ झाल्यावर सवयीने बटण बंद करतं, तबकडी थांबते. दुपारी कामाला येणाऱ्या मावशी भांड्यांना गरम पाणी हवं म्हणून ते चालू करतात, तबकडी पुन्हा फिरायला लागते. दिवसाला सहा तास गेले. दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी सात. नोंदीत त्याचा काहीच नमुना दिसत नाही, कारण नमुना माणसांच्या येण्याजाण्यात आहे.

ओळखायचं कसं? कागदी चिकटपट्टीचा बारीक तुकडा अर्धा बटणावर, अर्धा भोवतालच्या पट्टीवर येईल असा लावा. दोन दिवसांनी तो फाटलेला किंवा सुटलेला दिसला तर उत्तर मिळालं. यात कोणाला दोष देऊ नका. वीज वाचवायची सवय चांगलीच आहे, फक्त बटणाची जागा चुकली आहे. वायरमनला सांगून टायमर आधी आणि बटण नंतर अशी जोडणी करून घेता येते. मग बटण बंद केलं तरी गीझर बंद होतो, घड्याळ चालू राहतं. तोपर्यंत बटणाशेजारी ठळक अक्षरांत चिठ्ठी लावा. मावशींनाही समजावून सांगा. आमच्या मावशींना एकदा सांगितलं, त्यानंतर त्याच इतरांना बजावतात.

टायमर तपासायची रीत

गोल तबकडीच्या टायमरवर कडेने ९६ पिना असतात, एक पिन पंधरा मिनिटांची. काहींवर ४८, अर्ध्या तासाच्या. पिन दाबली की चालू का वर ओढली की चालू, हे कंपनीप्रमाणे बदलतं. टायमरच्या अंगावर छापलेलं चित्र पाहूनच ठरवा. तबकडी बाणाच्या दिशेनेच फिरवायची. वेळ पुढे गेली म्हणून उलटी फिरवलीत तर आतले दाते तुटतात, आणि मग टायमर खरोखरच बिघडतो. बाजूला एक छोटा खटका असतो: एका बाजूला घड्याळाचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला कायम चालू. तो कायम चालूवर राहिला तर पिना कशाही लावा, गीझर दिवसरात्र चालू.

या टायमरकडून मिनिटाची अचूकता मागू नका. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होणारच. पण वीज एकदाही न जाता, बटणाला कोणी हात न लावता, रोज वीस मिनिटं मागे पडत असेल तर आतली चाकं झिजली आहेत. तो बदला.

डिजिटल टायमरची परीक्षा रात्री घ्या. घड्याळ बरोबर लावा, टायमर भिंतीतून काढा आणि टेबलावर ठेवा. सकाळी पडदा कोरा दिसला तर बॅटरी गेली. एक खबरदारी मात्र घ्या: नवा किंवा बरेच महिने कपाटात पडलेला टायमर असेल तर आधी रात्रभर भिंतीत लावून चार्ज होऊ द्या, नाहीतर चांगल्या टायमरला तुम्ही नापास कराल. बहुतेक टायमरमध्ये ही बॅटरी आत झाळलेली असते. ती बदलत बसण्यापेक्षा टायमर बदलणं बरं.

मग कार्यक्रम तपासा. मी सुचवतो ते सरळ: सगळे कार्यक्रम पुसून टाका, टाचणीने रीसेटचं भोक दाबा, आणि एकच जोडी लावा, एक चालू होण्याची वेळ आणि एक बंद होण्याची. या टायमरमध्ये आठ, सोळा, वीस असे कार्यक्रम बसतात. त्यातला कुठला तरी जुना, विसरलेला, फक्त चालू होणारा आणि बंद न होणारा कार्यक्रम मध्येच उठतो. पडद्याच्या कोपऱ्यात 'आर' किंवा तसं एखादं अक्षर असेल तर 'रँडम'ची सोय चालू आहे का ते टायमरबरोबर आलेल्या कागदात पाहा. घर बंद असताना दिवे अधूनमधून लागावेत, कोणी तरी घरात आहे असं बाहेरून वाटावं, यासाठी ती असते. गीझरला ती चालू राहिली तर टायमर खरंच मनाला येईल तसा चालतो.

आणखी एक बारकावा. ऑन, ऑटो, ऑफ असं फिरणारं बटण असतं. बऱ्याच टायमरमध्ये ऑनवरून थेट ऑटोवर आलं की तो पुढची बंदची वेळ येईपर्यंत चालूच राहतो. ऑफवरून ऑटोवर आणलं की बंद राहून पुढच्या वेळेची वाट पाहतो. गीझर लावायचाय पण आत्ता नको, असं असेल तर नेहमी ऑफवरून ऑटोवर या.

वायफायचा प्लग

लाइट आले की प्लग काही सेकंदांत जागा होतो, राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात. मधल्या काळात प्लगला वेळच माहीत नसते. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, अर्धा त्रास तिथेच मिटतो. ॲपमध्ये 'वीज आल्यावर काय करायचं' अशी निवड असते: चालू, बंद, किंवा आधी होतं तसं. गीझरसाठी ती बंदवरच ठेवा. नाहीतर सगळे गावाला गेलेले असताना लाइट जाऊन आले की गीझर लागून बसतो.

वेळापत्रक एकाहून जास्त ठिकाणी आहे का तेही पाहा. एक ॲपमध्ये, दुसरं बोलून चालवायच्या स्पीकरमध्ये, तिसरं मुलाच्या मोबाइलवर, असं हमखास होतं. ॲपमधल्या इतिहासात प्रत्येक वेळी प्लग कशामुळे चालू झाला ते बहुधा दिसतं. सगळी वेळापत्रकं काढून टाका आणि एकाच मोबाइलवरून एकच लावा.

टायमर बरोबर आहे, पण पाणी तापत नाही

इथे टायमरवर विनाकारण आळ येतो. गीझरमध्ये स्वतःचा थर्मोस्टॅट असतो. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की तो कॉइल बंद करतो आणि तापण्याचा दिवा विझतो. रात्री उशिरा कोणी गीझर लावला असेल तर पहाटेही पाणी गरमच असतं, मग साडेचारला दिवा क्षणभर लागतो किंवा लागतही नाही. हे बरोबरच आहे.

वेळेचं गणितही करून पाहा. २००० वॉटची कॉइल १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २१ मिनिटं घेते. २५ लिटरला ३५. टाकीतून थोडी उष्णता बाहेर जातेच, म्हणून पाच-सात मिनिटं जास्त धरा. २५ लिटरच्या गीझरला टायमरवर पंधरा मिनिटांची एकच पिन लावली असेल तर पाणी कोमटच येणार. आणि वेळ पुरेसा देऊनही पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागत असेल तर कॉइलवर क्षार बसले आहेत. टँकर किंवा बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत हे लवकर होतं.

गच्चीवर सोलर आणि त्याला विजेची जोडकॉइल असेल तर तिचा टायमर पहाटेच्या दीड-दोन तासांपुरताच ठेवा. सकाळच्या अंघोळी झाल्यावर टाकीत गार पाणी भरतं. तेव्हा टायमर चालू असेल तर दिवसभरात उन्हाने फुकट तापणारं पाणी तुम्ही विजेने तापवता.

इथे मात्र थांबा

काही लक्षणं दिसली की पुढची तपासणी घरी करायची नाही. टायमर बंद दाखवतोय, खट् असा आवाजही आला, तरी गीझर तापतोच आहे: आतले संपर्कबिंदू वितळून एकमेकांना चिकटले आहेत. हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. घरातलं बाकी सगळं बंद करा आणि विजेच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहा. मीटरवर युनिटला ३२०० असं लिहिलं असेल तर २००० वॉटच्या गीझरला तो पाच सेकंदांत नऊएक वेळा लुकलुकतो. टायमर बंद झाल्यावरही तीच गती राहिली तर गीझरला वीज मिळतेच आहे. मात्र ही चाचणी पाणी तापत असतानाच घ्या, कारण थर्मोस्टॅटने कॉइल बंद केली तरी दिवा मंदावतो.

दुसरी खूण स्पर्शाची. गीझर पंधरा मिनिटं चालल्यावर भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा आणि प्लगच्या अंगाला हात लावून पाहा. पिनांना नको, त्या तापलेल्या असू शकतात. प्लग कोमट लागला तर चालेल. चटका बसत असेल, पांढरं प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालं असेल, जळका वास येत असेल तर तो टायमर आणि तो सॉकेट दोन्ही बदला. मी एका नातेवाइकांकडे असा सॉकेट पाहिला आहे. समोरून नुसता तपकिरी डाग होता, मागे वायरीचं आवरण बोटभर जळून गेलं होतं. त्या घरात दोन लहान मुलं होती. तो डाग त्यांना चार महिने दिसत होता.

गणित साधं आहे. २३० व्होल्टला २००० वॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअर घेतो, ३००० वॉटचा १३. रोज अर्धा-पाऊण तास एवढा प्रवाह वाहून न्यायला १६ अँपिअरचाच टायमर हवा. दहा अँपिअरचा स्मार्ट प्लग स्वस्त पडतो, पण गीझरला लावू नका. ३००० वॉटसाठी तर टायमरने कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा प्रवाह पेलणारा विजेवर चालणारा स्विच, चालवावा आणि गीझरचा भार कॉन्टॅक्टरने पेलावा. हे काम डीबीत, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य पेटीत, वायरमनकडूनच करून घ्या. एमसीबीबरोबर (जादा भार आला की पडणारा खटका) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा खटका) आहे का तेही त्याला विचारा, आणि अर्थिंग तपासून घ्या.

हेही लक्षात ठेवा: टायमर बंद आहे म्हणजे गीझरची वीज तुटली असं नसतं. बहुतेक टायमर दोनपैकी एकच वायर तोडतात. गीझरचं झाकण उघडण्याआधी एमसीबी खाली केलाच पाहिजे. आणि टायमर बाथरूमच्या आत, वाफेत ठेवू नका.

बदलायचाच असेल तर

तुमच्या भागात वरचेवर लाइट जात असतील तर साधी तबकडी घेऊ नका. बॅटरीवर घड्याळ चालू ठेवणारा, डीबीत पट्टीवर बसणारा टायमर घ्या. त्यात तबकडीचेही मिळतात, आणि वयस्कर माणसांना पडद्यापेक्षा तबकडी समजायला सोपी जाते. आईसाठी मी तोच निवडला. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत हे सगळे प्रकार एका ठिकाणी पाहायला मिळतात. दुकानात तीन प्रश्न विचारा: गीझरच्या लोडला किती अँपिअर, लाइट गेल्यावर घड्याळ किती तास टिकतं, आणि बॅटरी बदलता येते का.

नवा बसवल्यावर पुन्हा तोच कागद दाराशी लावा. गुरुवार उलटून शुक्रवारची सकाळ पाहिल्याशिवाय वायरमनचा हिशोब मिटवू नका. आमचा टायमर बसला तो मंगळवारी. गुरुवारी सकाळी दहाला लाइट गेले, दुपारी आले. शुक्रवारी पाचच्या आधीच मला जाग आली. बाथरूममधून बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता, आणि दाराच्या फटीतून वाफ.